इंधनसाठा, बांधकामस्थळावरील
इंधनसाठा, बांधकामस्थळावरील : रस्ते, धरणे इत्यादींच्या कामांवरील यंत्रांसाठी लागणारे डीझेल, पेट्रोल इ. सुरक्षितपणे साठविण्याची व्यवस्था. पेट्रोलचे बाष्प सु. −४०° से. तापमानालाही पेट घेऊ शकते. ते हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने जमिनीलगत पसरून खड्ड्यात साचते व दूरच्या ठिणगीनेही पेटते. हवेत त्याचे प्रमाण सु. १.४ ते ७.६% असता मिश्रण स्फोटक बनते; त्यामुळे भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे, न धुतलेले पिंप अधिक धोक्याचे असते व त्यावर वितळजोडकाम करीत नाहीत. टाकीभोवती तिच्या धारणाशक्तीच्या ११०% द्रव मावेल असा अभेद्य बांध घालतात. इंधन ओतताना स्थिर विद्युत् निर्माण होते. तिची ठिणगी पडू नये म्हणून टाकी व धातूचे पिंप तारेने एकमेकांस व जमिनीस जोडतात. तेल पाण्यावर तरंगत असल्याने आग विझविण्यास फेस किंवा कोरडी भुकटी वापरतात.