मोडलेल्या खुब्याला तारखा कशाला?

आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘आजी पडली, अंथरुणाला खिळली आणि गेली.’ जणू पडणे, खिळणे आणि जाणे ही एकाच दैवाची तीन पावले आहेत! दैव नाकारणारा आपला समाजही येथे मात्र दैवापुढे मान तुकवतो. म्हणून विषय वैद्यकाचा असला तरी तो मांडणे आम्हास अगत्याचे वाटते.

वयाबरोबर हाडे ठिसूळ होतात, स्त्रियांची अधिक. ओल्या मोरीत पाय घसरला तरी खुब्याचे हाड मोडते. परंतु माणूस दगावतो तो पुष्कळदा नुसत्या मोडलेल्या हाडाने नव्हे, तर पडून राहिल्याने. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा पडतात. याचा अर्थ सरळ आहे. प्रश्न वयाचा नाही, वेळेचा आहे.

इंग्लंडमधील ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २०११ साली याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्ण दाखल होताच वेदना कमी करा. शस्त्रक्रिया त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा. रक्त कमी असेल, साखर वाढली असेल तर त्यावर लगेच उपचार करा, त्यापायी शस्त्रक्रिया लांबवू नका. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करा. हाडाच्या डॉक्टरसोबत वृद्धांच्या आजारांचा जाणकार डॉक्टरही असू द्या. ‘आता वय झाले’ ही सबब या सूचनांत कोठेही नाही.

सूचना कागदावर राहू नयेत म्हणून तेथे मोजमापही होते. २००७ पासून खुब्याच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाऊ लागली. त्यात सामील झालेल्या रुग्णालयांत २०११ पर्यंत वेळेवर शस्त्रक्रिया होण्याचे प्रमाण ५४.५ टक्क्यांवरून ७१.३ टक्क्यांवर गेले. ३० दिवसांत होणारे मृत्यू १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. दैव असे मोजमापाने बदलते काय?

आणि आमच्याकडे? आधी तेल-मालीश, मग हाडवैद्य. तालुक्याला हाडाचा डॉक्टर नाही, म्हणून जिल्ह्याला पाठवणी. तेथे पायाला वजन लावून आजी पडून राहते. आज फिटनेस नाही, उद्या रेशनकार्डावरचे नाव जुळत नाही, परवा योजनेची मंजुरी आली नाही, त्यानंतर रॉड नाही. दर वेळी नवी तारीख! पैसेवाल्याच्या आईची शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात दुसऱ्या दिवशी होते. जन्मभर दुसऱ्यांचे रस्ते झाडलेल्या बाईने मात्र वाट पाहायची, हा कोणता न्याय?

२०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत घेण्यात आले. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. हे कार्ड आजच काढून ठेवा, हाड मोडल्यावर धावपळ नको. पण कार्डाने वेळ मिळतोच असे नाही, तो मागावा लागतो.

मुळात पडणेही पुष्कळ प्रमाणात टाळता येते. ‘गेल्या वर्षभरात पडलात का?’ हा प्रश्न प्रत्येक वृद्धाला विचारावा, असे जाणकार सांगतात. मोतीबिंदू काढून घ्यावा. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून तपासून घ्याव्यात. पायांत बळ आणि तोल राहील असा व्यायाम नियमित व्हावा. आमच्या विहारांतून, महिला मंडळांतून हे सहज होऊ शकते. मात्र सार्वजनिक संडासाच्या वाटेवर दिवा लावणे आणि तेथे धरायला कठडा बसवणे हे नगरपालिकेचेच काम आहे.

संविधानाच्या ४१ व्या कलमात वार्धक्य आणि आजारपणातील साहाय्याचा उल्लेख आहे. ते राज्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने दर महिन्याला फलकावर लिहावे : खुबा मोडलेले किती रुग्ण आले आणि त्यांतील कितींची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसापर्यंत झाली. कार्यकर्त्यांनी तो फलक मागावा आणि वाचावा. आकडा लपवला जाईल, तेथे जाब विचारावा.