जुनी मोटार वाटेत थांबली तर

अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही ती गाडी, जुनी फियाट, पेट्रोलवरची जीप अजून कित्येक गावांत दिसते. अशी गाडी वाटेत धापा टाकून बंद पडली की पुष्कळजण लगेच कार्बोरेटर खोलावयास बसतात. वाचकहो, ही घाई बरी नव्हे. पेट्रोल ज्या वाटेने येते त्याच वाटेने आपण शोध घेत यावे. आधी टाकी, मग नळी, पंप, गाळणी आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर.

टाकीपासूनच पाहू या. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत पडते. दुसरे भोक पाडले की हवा आत जाते आणि धार सरळ लागते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. जुन्या गाड्यांत हे दुसरे भोक बहुधा टाकीच्या झाकणालाच असते. ते धुळीने बुजले की पेट्रोल येईनासे होते. गाडी काही मैल चालते, थांबते, थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. झाकण सैल करताच ‘सूं’ असा आवाज होऊन हवा आत गेली, तर दोष सापडलाच म्हणून समजा.

पुढे पंप. त्यात एक लवचिक पडदा असतो. तो वरखाली होऊन पेट्रोल ओढतो. हा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर इंजिन मुळीच चालवू नका. पातळ ऑइलाने बेअरिंगे झिजतात आणि थोडक्यात होणारे काम फार महागात पडते.

कडक उन्हात घाट चढताना नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊनही गाडी थांबते. अशा वेळी बॉनेट उघडून सावलीत स्वस्थ बसावे, पंपावर ओले फडके ठेवावे. इंजिन निवले की गाडी चालू होते.

आता नळीविषयी. आपल्याकडच्या उसापासूनही होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळतात; २०२५ साली देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा तडकते. म्हणून इथेनॉल सोसणारी नवी नळी बसवून घ्यावी. इथेनॉल पाणीही शोषते. तेव्हा गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

हे सारे करा, पण बेताने. काम उघड्यावर करा, इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची तार सोडवा. जवळ विडी नको, कंदील नको. वाळूची बादली हाताशी असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर आग पसरते. नळी तोंडाने ओढू नका, पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. आणि गाडी चालू व्हावी म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची जी सवय आहे ती आजच सोडा. इंजिनने उलटा भडका मारला तर ओतणाऱ्याचा चेहरा होरपळतो. गाडी उशिरा पोचली तरी चालेल. माणूस धडधाकट घरी आला पाहिजे.