एकच काडतूस, तीन दाब

शंभर वर्षांपूर्वीची रायफल अजून नीट चालते, मग तिच्यात आजचे काडतूस घालायला काय हरकत आहे, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत जुन्या एकबारी रायफली जपणारे आणि त्यांची काडतुसे घरी भरणारे अनेक हौशी लोक आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर आपण शाळेत शिकलेल्या एका सूत्रात आहे : बल = दाब × क्षेत्रफळ.

उदाहरणादाखल अमेरिकन सैन्याने १८७३ साली स्वीकारलेली ‘ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड’ रायफल घेऊ. हिच्या नळीच्या मागे बिजागरीवर बसवलेला एक ठोकळा असतो. तळघराच्या झडपेसारखा तो वर उघडतो, म्हणून हे नाव. काडतूस आत सरकवायचे, ठोकळा बंद करायचा आणि बार काढायचा. काडतुसाचे नाव ‘.४५-७०’. नळीचा व्यास ०.४५ इंच आणि काळी दारू ७० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम.

बार उडाला की वायूचा दाब गोळीला पुढे रेटतो, तसाच काडतुसाच्या बुडाला मागे रेटतो. हा रेटा शेवटी तो ठोकळाच सोसतो. बुडाचे आतील क्षेत्रफळ ढोबळमानाने १ चौरस सेंटिमीटर धरू. दर चौरस इंचाला १८,००० पौंड दाब असेल तर ठोकळ्यावर सुमारे १,२५० किलोग्रॅम भार येतो. २८,००० ला तो २,००० किलोग्रॅमच्या जवळ जातो आणि ४०,००० ला २,८०० च्या. पहिला भार एका मोटारीच्या वजनाइतका, तर शेवटचा दोन मोटारींहून अधिक !

अमेरिकेत या काडतुसाची उद्योगमान्य कमाल मर्यादा २८,००० आहे. जुन्या ट्रॅपडोरसाठी काही मार्गदर्शक पुस्तके १८,००० च्या आसपासच थांबतात. उलट १९६७ साली निघालेली ‘रूगर नंबर वन’ ही एकबारी रायफल नव्या पोलादाची व भक्कम ठोकळ्याची असल्याने ४०,००० सहज सोसते. धोका असा, की एकीसाठी भरलेले काडतूस दुसरीतही अगदी बिनबोभाट बसते.

दुसरा धोका दारूचा. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने निर्धूर दारू तयार केली. काळ्या दारूच्या ज्वलनाचा वेग दाबाबरोबर फारसा वाढत नाही. निर्धूर दारूचा मात्र झपाट्याने वाढतो. दाब वाढला की ज्वलन वाढते आणि ज्वलन वाढले की दाब आणखी चढतो. शिवाय काळ्या दारूने काडतूस पूर्ण भरते, त्यामुळे चुकून दुप्पट घालताच येत नाही. जलद जळणाऱ्या निर्धूर दारूचे माप मात्र त्याच पोकळीत इतके थोडे लागते, की दुसरे माप पडले तरी ते आत मावून जाते. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक काडतुसात उजेडात डोकावून पाहण्याचा नियम आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. आधुनिक रायफलीत दाब फार चढला, की काडतुसाची टोपी चपटी होते किंवा रिकामे काडतूस घट्ट अडकते. पण पितळ या खुणा दाखवते ते फार वरच्या दाबाला. जुन्या रायफलीची सहनशक्ती त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. ‘खूण दिसली नाही, म्हणजे ठीक आहे’ हा तर्क येथे लागू पडत नाही. एकदा बार सुखरूप झाला, यानेही काही सिद्ध होत नाही. अतिताणाने बिजागरी आणि खिट्टी प्रत्येक वेळी थोडी थोडी सैल होते आणि धातूत सूक्ष्म भेगा वाढत जातात. हिशेब चुकता होतो तो एखाद्या पुढच्या बाराला, आणि तेव्हा नेमबाजाचा चेहरा ठोकळ्यापासून वीतभर अंतरावर असतो.

आकड्यांबाबतही सावध राहावे लागते. पूर्वी तांब्याचा लहानसा दंडगोल किती चेपला यावरून दाब मोजत. आता स्फटिकात निर्माण होणाऱ्या विद्युतभारावरून मोजतात. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांत बदलण्याचे सर्वत्र लागू पडेल असे सूत्र नाही. त्यामुळे एका तक्त्यातील आकडा दुसऱ्यात बसवू नये.

तेव्हा जाणकार माणूस आधी रायफल कोणत्या जातीची आहे ते ओळखतो, कारागिराकडून तपासून घेतो, त्याच जातीसाठी दिलेला तक्ता वापरतो आणि त्यापुढे जात नाही. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे बनवणे हा गुन्हाच आहे. पण यातला धडा प्रयोगशाळेतही उपयोगी पडावा : साधनाची ताकद त्याच्या सर्वांत दुबळ्या भागावरून ठरवावी, आजवर ते तुटले नाही यावरून नव्हे.