तळ्यावर वसलेले शहर

भूकंप हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रातील माणसाला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गावेच्या गावे ढिगाऱ्यांत जमा झाली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचे जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळले, हे त्या जीवितहानीचे मुख्य कारण होते. या अनुभवातून आपल्याकडे एक समजूत रूढ झाली. मातीचे घर धोक्याचे आणि सिमेंटचे घर निर्धोक. म्हणून खेड्यापेक्षा शहर सुरक्षित. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी आम्ही या लेखात मेक्सिको देशाच्या राजधानीचे, मेक्सिको सिटीचे, उदाहरण घेत आहोत. मोठ्या शहराचे भूकंपात काय होते आणि का होते, हे सांगणारे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

या शहराच्या भूकंपाची कथा भूगोलाच्या पुस्तकात सुरू होत नाही. ती इतिहासात सुरू होते. आज जेथे हे शहर आहे तेथे पूर्वी टेश्कोको नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. परंपरेनुसार १३२५ साली अझ्टेक लोकांनी त्यातील एका बेटावर तेनोच्तित्लान हे नगर वसविले. बेटापासून काठापर्यंत त्यांनी बांधरस्ते केले, उथळ पाण्यात गाळाचे वाफे उभारून शेती केली आणि पाण्याशी जुळवून घेत जगण्याची रीत बसविली. १५२१ साली एर्नान कोर्तेसच्या स्पॅनिश सैन्याने व त्याच्या स्थानिक मित्रांनी हे नगर जिंकले. जेत्यांनी तेथील मंदिरे पाडली आणि जित लोकांच्याच श्रमांतून त्याच जागी आपली राजधानी उभारली. १६२९ च्या महापुरानंतर हे शहर सुमारे पाच वर्षे पाण्यात होते. तरीही राजधानी हलविली गेली नाही. सरोवराचे पाणी बाहेर काढण्याचाच मार्ग पत्करण्यात आला. कालवे व बोगदे खणून शतकानुशतके हे काम चालले. पाणी गेले, तळाची माती मात्र राहिली. त्याच मातीवर पुढे जगातील एक महाकाय शहर उभे राहिले.

ही माती म्हणजे पाण्याने फुगलेली, अतिशय मऊ चिकणमाती होय. शहराची तहान भागविण्यासाठी जमिनीखालचे पाणी उपसले गेले, तसतशी ही माती दबत गेली. विसाव्या शतकात शहराचा जुना भाग कित्येक मीटर खचला. १९१० साली उभारलेला स्वातंत्र्यस्तंभ खोल पायावर असल्याने जागीच राहिला, पण भोवतालचा रस्ता खाली गेला. त्यामुळे स्तंभाच्या चौथऱ्याला पुढे नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी सव्वासातनंतर काही मिनिटांतच या शहराला प्रचंड हादरे बसले. भूकंपाची तीव्रता ८ होती. परंतु त्याचे केंद्र शहरात नव्हते. ते साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यालगत होते. तेथे समुद्रतळाचे कोकोस भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकत असते. सामान्यतः केंद्रापासून दूर जावे तसा हादरा क्षीण होत जातो. येथेही तसेच झाले; पण लाटा जुन्या सरोवराच्या तळाशी पोहोचताच चित्र पालटले. शहराच्या दक्षिणेस विद्यापीठाचा परिसर कठीण लाव्हाखडकावर आहे. तेथील यंत्राने नोंदविलेल्या हादऱ्यापेक्षा तळ्याच्या मातीवरील यंत्राने नोंदविलेला हादरा जवळजवळ पाचपट होता. शहर एक, भूकंप एक. फरक होता तो पायाखालच्या जमिनीचा.

याचे कारण समजण्यास झोक्याचे उदाहरण पुरेसे आहे. झोका पुढेमागे जाण्यास ठरावीक वेळ घेतो. त्या वेळेशी ताल जुळवून हलके हलके धक्के दिले, तरी झोका उंच चढत जातो. विज्ञानात यास अनुस्पंदन म्हणतात. तळ्याच्या मातीचे एक आंदोलन सुमारे दोन सेकंदांचे होते. प्रत्येक इमारतीचाही असा एक स्वतःचा ताल असतो. इमारत जितकी उंच तितका तो सावकाश. भूकंपाच्या हादऱ्यांनी सांधे सैल होत गेले की इमारतीचा ताल आणखी मंदावतो. म्हणून सुमारे सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचा ताल जमिनीच्या तालाशी जुळत गेला आणि सर्वाधिक हानी त्यांचीच झाली. जुन्या ठेंगण्या वास्तू बऱ्याच प्रमाणात वाचल्या. खोल पाया घेऊन १९५६ साली पूर्ण झालेला चव्वेचाळीस मजली लातिनोअमेरिकाना मनोराही उभा राहिला. चारशेहून अधिक इमारती कोसळल्या आणि तीन हजारांहून अधिक इमारतींचे गंभीर नुकसान झाले. मृतांच्या संख्येविषयी आजही एकमत नाही. सुमारे दहा हजार हा आकडा सर्वाधिक वेळा सांगितला जातो.

आता प्रश्न येतो तो या इमारतींत कोण होते याचा. इतिहासाच्या अभ्यासकाने तो विचारलाच पाहिजे. शासनाने मध्यम व कनिष्ठ उत्पन्नगटांसाठी बांधलेल्या त्लातेलोल्को वसाहतीतील 'नुएव्हो लेओन' ही प्रचंड इमारत आडवी झाली. तिच्या अवस्थेविषयी रहिवाशांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. हुआरेझ रुग्णालयाची इमारत रुग्ण, परिचारिका व डॉक्टर यांच्यासह कोसळली. सान आंतोनिओ आबाद या भागात बहुमजली इमारतींतून कपडे शिवण्याचे कारखाने होते. जड यंत्रे व कापडाचे गठ्ठे वरच्या मजल्यांवर रचलेले असत. सकाळच्या पाळीला आलेल्या शेकडो शिलाई कामगार स्त्रिया तेथे गाडल्या गेल्या. काही मालकांनी माणसांआधी यंत्रे व तिजोऱ्या बाहेर काढण्याची धडपड केली, अशी साक्ष वाचलेल्या स्त्रियांनी दिली. त्या साक्षीवर त्या थांबल्या नाहीत. महिनाभरातच त्यांनी '१९ सप्टेंबर' याच नावाने आपली कामगार संघटना उभी केली. भूकंपाचा दिवस संघटनेचे नाव व्हावा, याहून बोलका पुरावा कोणता? आपल्या सोबतिणींच्या मृत्यूला केवळ निसर्ग जबाबदार नाही, हे त्या स्त्रियांना नेमके कळले होते.

त्या दिवसांत शासनयंत्रणा गोंधळलेली असताना सामान्य नागरिकांनी हातांनी ढिगारे उपसले. त्यांतूनच 'तोपोस', म्हणजे चिचुंदरीसारखे बीळ करून आत शिरणारे, हे स्वयंसेवकांचे बचावपथक जन्मास आले. बांधकामाचे नियम कठोर झाले; तळ्याच्या जमिनीसाठी वेगळे व अधिक कडक निकष लागू झाले. १९९१ पासून पूर्वसूचनेची यंत्रणा काम करू लागली. किनाऱ्यावरील यंत्रांना हादरा जाणवताच बिनतारी संदेश शहराकडे निघतो. तो भूकंपाच्या लाटांपेक्षा कितीतरी वेगवान असल्याने भूकंप किनाऱ्यावरचा असेल तर शहराला सुमारे मिनिटभराचा अवधी मिळतो. तेवढ्यात वर्गातील मुले पटांगणात येऊ शकतात.

बरोबर बत्तीस वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१७ रोजी, या तयारीची परीक्षा झाली. सकाळी अकरा वाजता दरवर्षीप्रमाणे सराव झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास ७.१ तीव्रतेचा खरा भूकंप झाला. त्याचे केंद्र बरेच जवळ असल्यामुळे भोंगे आणि हादरे जवळजवळ एकाच वेळी आले. राजधानीत २२८ माणसे मृत्यू पावली. १९८५ च्या मानाने ही संख्या फार कमी होती. मात्र कोसळलेल्या इमारतींपैकी पुष्कळ जुन्या नियमांच्या काळातील होत्या. शहराच्या दक्षिण भागातील एका खासगी शाळेची इमारत पडून १९ मुले व ७ प्रौढ व्यक्ती मरण पावल्या. त्या इमारतीवर बेकायदा वाढीव बांधकाम केलेले होते, हे पुढे उघड झाले आणि शाळेच्या संचालिकेला कारावासाची शिक्षा झाली. नियम कागदावर होते. ते इमारतीत उतरले नव्हते. एका शाळेच्या स्मरणिकेत लिहिताना हा प्रसंग गाळून पुढे जाणे आम्हांस शक्य नाही.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या व सुमारे साडेसातशे माणसे दगावली. तेथेही नदीच्या गाळाची जमीन होती आणि पडलेल्या अनेक इमारतींचा तळमजला वाहने ठेवण्यासाठी मोकळा होता. वर भिंतींनी जखडलेले मजले आणि खाली नुसते खांब अशी रचना असली की सारा ताण खांबांवर येतो. खांब मोडले की वरचे मजले अखंड खाली बसतात. आपली मुंबई सात बेटांमधील खाड्या व दलदल बुजवून झालेली आहे, तिच्या मोठ्या भागाखाली समुद्राची मऊ माती आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तेथेही जाणवला होता. मुंबईचे मेक्सिको सिटी होईल, असे भाकीत आम्ही करीत नाही; मुंबईजवळ तशी भूपट्टांची सीमा नाही. परंतु भराव, मोकळा तळमजला आणि विनापरवाना चढविलेला मजला यांचे परिणाम सर्व देशांत सारखेच असतात.

या वसतिगृहात शिकलेले विद्यार्थी आज पुणे, मुंबई, नागपूर येथे नोकरी करतात. त्यांपैकी अनेकांच्या घराण्यातील पहिले पक्के घर तेच घेत आहेत. वाडवडिलांना गावात कोणत्या जमिनीवर राहायचे हे निवडता आले नव्हते. या पिढीला ते काही अंशी निवडता येते. म्हणून आमचे त्यांना सांगणे आहे की घर घेताना फरशीचा रंग पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: ही जमीन पूर्वी काय होती, इमारतीचा आराखडा भूकंपरोधक निकषांनुसार पात्र अभियंत्याने केला आहे काय, आणि मंजूर नकाशापेक्षा अधिक काही बांधले आहे काय. तळमजल्यावर दुकानासाठी कोणी खांब वा भिंत तोडत असेल, तर सोसायटीच्या सभेत उभे राहून ते लेखी थांबवावे. जे भाड्याच्या खोलीत वा वस्तीत राहतात त्यांना एवढी निवड नसते. त्यांच्यासाठी हेच प्रश्न नगरपालिकेला विचारणे हे शिकलेल्यांचे काम आहे. भूकंपाची वेळ आज कोणालाही सांगता येत नाही. जमिनीची जात आणि खांबांची ताकद मात्र आजच तपासता येते.