बायोफिल्मचे मोजमाप : तबकडीतील आकडा आणि खाचरातील वास्तव

रायपूरच्या ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतून शहराबाहेर पडले की, भंडारा-गोंदियाप्रमाणेच भाताची खाचरे लागतात. भातावरील कडा करपा ‘झॅन्थोमोनास ओरायझी’ या जिवाणूमुळे होतो. हे जिवाणू पानांच्या जलवाहिन्यांत चिकट आवरण तयार करून समूहाने राहतात, हीच बायोफिल्म. मुळांवरील उपयुक्त स्युडोमोनास जिवाणूही अशीच वस्ती करतात.

तिचे मोजमाप बहुधा ९६ कप्प्यांच्या प्लास्टिक तबकडीत, क्रिस्टल व्हायोलेट रंगाने होते. पद्धत स्वस्त व जलद आहे. मात्र हा रंग जिवंत पेशी, मृत पेशी आणि आवरण यांत भेद करीत नाही. धुताना सैल थर निघून जातो. वसाहती मोजाव्यात, तर पेशींचा अख्खा पुंजका एकच वसाहत म्हणून गणला जातो. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक त्रिमितीय रचना दाखवतो, पण अगदी लहान क्षेत्राची. शिवाय तबकडीत मुळांचे स्राव, माती व स्पर्धक जिवाणू नसतात.

म्हणून जिवाणू संवर्धकाची निवड एकाच चाचणीवर करू नये. किमान दोन पद्धतींचे निष्कर्ष तपासावेत आणि खाचरात संवर्धक न वापरलेला पट्टा राखून तुलना करावी.