आवाजाचा व्यवसाय : मीरा-भाईंदरच्या तरुणांपुढील एक वाट

घंटागाडीवरून ऐकू येणारी कचरा-वर्गीकरणाची सूचना, रेल्वेच्या फलाटावरील उद्घोषणा, बँकेला दूरध्वनी केला असता कोणते बटण दाबावे हे सांगणारा आवाज, माहितीपटातील निवेदन आणि परभाषेतून मराठीत आलेली मुलांची चित्रमालिका, या सर्व ठिकाणी बोलणारी व्यक्ती श्रोत्यांना दिसत नाही. कोणीतरी संहिता हाती घेऊन ध्वनिमुद्रण कक्षात ती वाचलेली असते. या कामास व्यवसायात ‘व्हॉईस ओव्हर’ म्हणतात. पडद्यावरील पात्राच्या ओठांच्या हालचालीशी जुळवून बोलल्यास त्याला ‘डबिंग’ असे नाव आहे. मराठीत यासाठी ‘आवाज देणे’ हा साधा शब्दप्रयोग रूढ आहे आणि तो पुरेसा अर्थपूर्णही आहे.

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर परिसरात या व्यवसायाविषयी विशेष औत्सुक्य आढळावे, हे स्वाभाविक होय. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८ लाख ९ हजारांवर होती. चर्चगेटपासून मीरा रोड सुमारे ४० किलोमीटरवर, तर ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ प्रामुख्याने अंधेरी, गोरेगाव, मालाड या पट्ट्यात. म्हणजे लोकलने थेट गाठता येईल असे अंतर. मुंबईच्या उपनगरांतील घरे आवाक्याबाहेर गेल्यावर चित्रपट व दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातील अनेक कलावंत आणि तंत्रज्ञ दहिसरचा नाका ओलांडून येथे स्थायिक झाले. घोडबंदर मार्गाच्या बाजूस मालिकांचे चित्रीकरण चालते. शेजारी राहणारा मनुष्य या क्षेत्रात पोट भरतो हे पाहिलेला विद्यार्थी साहजिकच शिक्षकांना विचारतो की, आपल्यालाही हे जमेल काय?

परंपरा कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर देताना हा व्यवसाय कसा घडला हे पाहणे उद्बोधक ठरेल. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि तिच्या माहितीपटांना अनेक भारतीय भाषांतून निवेदन लागू लागले. १९५७ साली विविध भारती आली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या आणि आवाजाला बाजारात किंमत येऊ लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण सुरू झाले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘प्रपंच’ मालिकेत टेकाडे भावजी म्हणून घराघरांत पोहोचलेले बाळ कुडतरकर, किंवा दूरदर्शनच्या मराठी बातम्यांमुळे परिचित झालेले आणि जाहिराती व माहितीपटांसाठीही विपुल काम करणारे प्रदीप भिडे (निधन २०२२), ही या परंपरेतील ठळक नावे. अलीकडच्या काळात ‘निंजा हातोडी’ या जपानी चित्रमालिकेच्या हिंदी आवृत्तीतील हातोडीचा आवाज मेघना एरंडे यांनी दिला. तेलुगू ‘पुष्पा’ (२०२१) चित्रपटाच्या हिंदी रूपांतरात नायकाचा आवाज श्रेयस तळपदे यांचा होता. ही मंडळी रंगभूमी, नभोनाट्य, बालनाट्य किंवा वृत्तनिवेदन यांतून आलेली आहेत. केवळ गळा गोड किंवा भारदस्त आहे एवढ्या भांडवलावर या क्षेत्रात टिकलेले उदाहरण शोधूनही क्वचितच सापडेल.

आवाज खर्जाचा असला पाहिजे, ही समजूत विशेषतः मुलांमध्ये रूढ आहे. ती आता कालबाह्य मानावी. आजच्या बहुसंख्य जाहिरातींना शेजाऱ्याशी बोलल्यासारखा सहज आवाज हवा असतो. खरी कसोटी वेगळीच आहे. न पाहिलेली संहिता हाती आली असता तिचा अर्थ पहिल्याच वाचनात पकडून तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचविता येतो का? दहाव्यांदा वाचतानाही तो ताजा वाटतो का?

उच्चार आणि बोली

मराठीतील ‘च’, ‘ज’, ‘झ’ या अक्षरांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवीत नाही. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांतील ‘च’ वेगळे. ‘जरा थांबा’ मधील ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा संस्कृत ‘जरा’ लिहिण्यात एकच, बोलण्यात भिन्न. अमराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यांची येथे आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हणण्यात हमखास चूक होते. संख्यांचेही तसेच. १,२५० हा आकडा ‘एक हजार दोनशे पन्नास’ वाचावयाचा, ‘बाराशे पन्नास’ की ‘साडेबाराशे’, हे ध्वनिमुद्रणापूर्वीच ठरवून घ्यावे लागते. कारण बाजारहाटाच्या जाहिरातीत जे शोभते ते शासकीय निवेदनात शोभेलच असे नाही.

मीरा-भाईंदरच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, राई, मुर्धे ही या शहराच्या पोटातील जुनी गावे. तेथील कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चे ‘डोला’ होते. शाळेत हे ‘अशुद्ध’ म्हणून खोडले जाते आणि मूल मोठ्याने वाचणेच टाळू लागते. हे नुकसान मोठे आहे. वृत्तनिवेदनासाठी प्रमाण उच्चार अवश्य शिकवावेत. पण बोली टाकून देण्याची मुळीच गरज नाही. मालिका, नभोनाट्य, डबिंग यांत मच्छीमार, शेतकरी, बाजारातील बाई अशी पात्रे येतात तेव्हा दिग्दर्शक अस्सल बोली बोलणाऱ्यालाच शोधतो. दोन्ही प्रकारे बोलू शकणारा विद्यार्थी एकाच प्रकारे बोलणाऱ्यापेक्षा पुढे असतो, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगण्याजोगे आहे.

सरावाची रीत साधी आहे. वर्तमानपत्रातील एक उतारा रोज मोठ्याने वाचावा, श्वास कोठे घ्यावयाचा तेथे पेन्सिलीने रेघ मारावी, मोबाईलवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. त्याच दिवशी ऐकल्यास कान फसवितो. जाता जाता एक गोष्ट कार्यालयांसाठीही नमूद करावयास हवी. ‘सदरहू योजनेअंतर्गत विहित मुदतीत परिपूर्ण प्रस्ताव सादर न केलेल्या लाभार्थ्यांच्या बाबतीत’ असे वाक्य कागदावर चालून जाते. ते एका श्वासात म्हणून दाखविणे अनुभवी निवेदकासही अवघड, आणि ऐकून समजणे त्याहून अवघड.

पहिले काम कोठे?

आकाशवाणीची केंद्रे आपल्या गरजेनुसार नैमित्तिक उद्घोषक व निवेदकांसाठी अर्ज मागवितात. लेखी चाचणी आणि ध्वनिचाचणी होते. निवड झालेल्यांना ‘वाणी’ हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नभोनाट्यातील कलावंतांची चाचणी स्वतंत्र असून उत्तीर्ण कलावंतांना श्रेणी दिली जाते. येथे मिळणारे मानधन मोठे नसले तरी मिळणारी शिस्त मोलाची असते. अंध व्यक्तींसाठी बोलकी पुस्तके तयार करणाऱ्या संस्थांना चांगल्या वाचकांची गरज असते. मुंबईत वरळी येथील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचे हे कार्य सुपरिचित आहे. तीनशे पानांचे पुस्तक एकाच सुरात, एकाच गतीने वाचून पुरे करणे म्हणजे काय, हे तेथे कळते. १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा ही तर हौशी कलावंतांची जुनीच शाळा होय.

स्टुडिओत नवख्याला एकदम नायकाचा आवाज मिळत नाही. डबिंगमध्ये सुरुवात बहुधा ‘क्राउड’पासून होते, म्हणजे बाजार, लग्न, मोर्चा अशा प्रसंगांतील गर्दीचा गलका पाच-सहा जण मिळून उभा करतात. जाहिरातीत ‘स्क्रॅच’ म्हणून कच्चे ध्वनिमुद्रण करून घेतात, ज्यावर पुढे अंतिम आवाज घेतला जातो. या कामाचेही पैसे ठरवूनच स्टुडिओत जावे. डबिंग करणाऱ्याच्या कानावरील हेडफोनमध्ये मूळ भाषेतील संवाद चालू असतो, समोर पडदा असतो, आणि वाक्य ओठ मिटण्याच्या क्षणाशी जुळवावे लागते. एखादा मराठी शब्द लांब पडला तर तेथेच दुसरा सुचवावा लागतो. भाषेवर प्रभुत्व हवे ते यासाठी.

काम मागताना आपल्या आवाजाचा नमुना द्यावा लागतो. हा नमुना एक-दीड मिनिटाचा असावा; त्यात निवेदन, जाहिरात, गोष्ट आणि एखादे पात्र एवढे पुरे. पार्श्वसंगीताची सजावट नको. हजारो रुपये घेऊन ‘डेमो’ तयार करून देणारे आणि वर काम मिळवून देण्याची हमी देणारे मध्यस्थ शहरात भेटतात. त्यांच्यापासून सावध राहणे इष्ट. आवाज पसंत पडला तर स्टुडिओ कलावंताला पैसे देतो, कलावंत स्टुडिओला नव्हे.

घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची अडचण यंत्रापेक्षा खोलीची असते. मीरा रोडच्या सदनिकेत लोकल, शेजारचा मिक्सर आणि गच्चीवरील पाण्याचा पंप हे तिघेही मायक्रोफोनला आपल्याआधी ऐकू जातात. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट पाठीशी, समोर भिंतीवर जाड गोधडी, मायक्रोफोन तोंडापासून एक वीत आणि किंचित तिरका, एवढ्याने आवाजातील घुमारा बराच कमी होतो. महाग मायक्रोफोन रिकाम्या खोलीत ठेवून काही साधत नाही.

आवाजावरील हक्क

या व्यवसायापुढील आजचा सर्वांत गंभीर प्रश्न मात्र निराळाच आहे. काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्या व्यक्तीचा आवाज तयार करता येतो आणि तिने कधीही न उच्चारलेली वाक्ये तिच्या तोंडी घालता येतात. कमी खर्चाच्या सूचना आणि उद्घोषणांसाठी यंत्राचा आवाज वापरला जाऊ लागला आहे. नवशिक्याला जी लहानसहान कामे मिळत, नेमकी तीच यामुळे घटतात. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही असाच आदेश झाला. नामवंतांना न्यायालयाचे दार ठोठावता येते. मीरा रोडहून लोकलने स्टुडिओत जाणाऱ्या नवख्या निवेदकापाशी त्याच्या करारापलीकडे फारसे साधन नसते.

प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये प्रयोग सादर करणाऱ्यास आपल्या प्रयोगावर ५० वर्षांपर्यंत हक्क दिलेले आहेत. तथापि बिनवाचता सही केलेल्या कागदाने त्यांतील बरेच हातचे जाऊ शकतात. आवाज कोणत्या माध्यमासाठी, किती काळासाठी आणि कोणत्या भाषेच्या आवृत्तीसाठी दिला, त्यावरून यंत्राला आवाज शिकविण्यास मनाई आहे की नाही, दुरुस्तीसाठी किती वेळा विनामोबदला बोलवता येईल आणि पैसे किती दिवसांत मिळतील, एवढे तरी लेखी असावे. मोबाईलवरील संदेशात का होईना, तारखेसह असावे. ग्रामपंचायती, नगरपालिका आणि शाळा यांनी स्थानिक तरुणांकडून सूचना किंवा माहितीपटाचे निवेदन करून घेताना कार्यादेशात याच बाबी नमूद कराव्यात. घंटागाडीसाठी मुद्रित केलेला आवाज पुढील वर्षी न विचारता दुसऱ्याच मोहिमेच्या मजकुरास जोडला जाऊ नये, यासाठी एक वाक्य पुरते.