आखाड्याची शाळा

अकोल्याला आमच्या शाळेत पीटीचे एक सर होते. बुटके, मान जाड, चालताना दोन्ही हात अंगापासून जरा लांब. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवायची वेळ क्वचितच यायची, आवाजच पुरेसा होता. पंधरा ऑगस्टच्या लेझमीत कुणाचा पाय चुकला की जवळ येऊन म्हणायचे, "काऊन बे, गुडघा काऊन वाकवून राह्यला? मोजून टाक ना पाय." सगळं मोजून. सूर्यनमस्कार मोजून, दंड मोजून, मनोरा रचायचा तर तोही आकड्यांवर: एकला खालचे बसणार, दोनला मधले चढणार, तीनला सगळ्यात लहान पोरगा वर. हे कुठं शिकलात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अमरावतीले. मंडळात."

वऱ्हाडात मंडळं पैशाला पासरी. पण पीटीच्या सरांच्या तोंडी मंडळ म्हणजे एकच, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. अमरावतीच्या रिक्षावाल्याला एवढं लांब नाव सांगावं लागत नाही. 'एचव्हीपीएम' म्हटलं की तो भाडं सांगून मोकळा होतो.

या मंडळावर लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. धागा मात्र सापडला भलत्याच ठिकाणी, स्कॉटलंडात.

भाचीच्या पदवीदानाला सेंट अँड्र्यूजला गेलो होतो. उत्तर समुद्राच्या काठावरचं गाव. एका टोकाला पडक्या कॅथेड्रलच्या भिंती, मधे दगडी कॉलेजं, दुसऱ्या टोकाला गोल्फचं मैदान. विद्यापीठ 1413 सालचं. पोरं लाल झगे घालून समुद्रातल्या धक्क्यावर फिरायला जातात, तीही परंपराच. गोल्फमधलं मला काहीही कळत नाही. आमच्याकडे काठीनं गोल वस्तू मारायची तर ती विटी, आणि विटीही गोल नसते. पण पोचलो त्या दिवशी रविवार होता आणि त्या जगप्रसिद्ध ओल्ड कोर्सवर एकही खेळाडू नव्हता. लोक कुत्री फिरवत होते, बायका बाळांच्या गाड्या ढकलत होत्या. भाची म्हणाली, "मामा, रविवारी इथं खेळ बंद. मैदान गावाचं असतं."

गावाचं म्हणजे खरोखर गावाचं. 1552 साली तिथल्या आर्चबिशपनं लेखी मान्य केलं की या जमिनीवर गोल्फ खेळायचा हक्क गावकऱ्यांचा आहे. जमीन तरी कसली? समुद्राच्या वाळूवर उगवलेलं खुरटं गवत, शेतीला निरुपयोगी. आपल्याकडे तिला बरड म्हटलं असतं. त्या बरडावर लोक चेंडू मारत राहिले, आणि 1754 साली काही खेळाडूंनी मंडळी जमवून नियम कागदावर आणले. पुढं 1764 साली सुरुवातीचे चार खड्डे छोटे वाटले म्हणून त्यांचे दोन केले. जाताना आणि येताना तेच खड्डे असल्यानं बावीसाचे अठरा झाले. आज टोकियोपासून पुण्यापर्यंत गोल्फ अठरा खड्ड्यांचा आहे तो एवढ्यासाठी. गावचा खेळ लिहून काढला गेला आणि मग ज्यांनी लिहिला त्यांचंच जगानं ऐकलं.

तिथं वाळूत उभा असताना मला आमचे पीटीचे सर आठवले. मोजून टाक ना पाय.

स्कॉटलंड आणि अमरावती तसे अगदीच अनोळखी नाहीत. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख 1920 च्या दशकात सेंट अँड्र्यूजपासून ऐंशीएक किलोमीटरवरच्या एडिंबरोत संस्कृत शिकत होता. ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परत आला आणि त्यानं अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावानं आहे. पण पंजाबराव परतले तेव्हा अमरावतीत शिकवण्याचा एक वेगळाच प्रयोग अगोदरच चालू होता, आणि त्याला वर्गखोली लागत नव्हती.

मंडळाची सुरुवात 1914 ची. अंबादासपंत आणि अनंत हे दोघे वैद्य बंधू आणि हनुमानाच्या नावाचा एक आखाडा. काळ बघा. त्याच वर्षी टिळक मंडालेहून सुटून आले होते. अमरावतीत टिळकांचे जिवलग दादासाहेब खापर्डे होते. 1897 साली काँग्रेसचं अधिवेशन भरवलेलं हे गाव. परकोटाच्या आत आणि बाहेर तरुण पोरांना काहीतरी करायचं होतं आणि हातात लाठी सोडून काही नव्हतं. अशा वेळी आखाडा काढणं हे नुसतं अंग कमावणं नव्हतं, हे पोलिसांनाही कळत होतं. हुतात्मा राजगुरू याच आखाड्यात शिकून गेले. मंडळाची ही बाजू सगळ्यांना ठाऊक आहे, भाषणात हमखास येते. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू, जिच्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

जुन्या आखाड्यात शिक्षण म्हणजे उस्तादाची मर्जी. शागीर्द गंडा बांधून घ्यायचा, वर्षानुवर्षं माती खणायचा, मालिश करायचा, आणि उस्तादाला वाटलं तर एखादा पेच मिळायचा. शंभरातले नव्याण्णव डाव शिकवून शेवटचा हातचा राखणाऱ्या उस्तादाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती गोष्ट मजेची असली तरी तिचा हिशेब वाईट आहे. प्रत्येक पिढीत एक डाव कमी. शिवाय उस्ताद गेला की आखाडा गेला. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी शेकडो मुलांना एका आज्ञेवर व्यायाम करायला लावला तो याच अडचणीवरचा एक तोडगा होता. आबासाहेब मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड रचले तो दुसरा. अमरावतीच्या वैद्यांनी तिसरा काढला: उस्तादच तयार करायचे, तेही घाऊक.

शाळामास्तरांना सुटी असते मे महिन्यात. म्हणून वर्ग उन्हाळ्यात. अमरावतीचा मे ज्यांनी काढला नाही त्यांना यातली मेहनत समजायची नाही. सकाळी आठनंतर लोखंडाच्या नळाला हात लावता येत नाही. अशा दिवसांत प्रांतोप्रांतीचे शिक्षक इथं येऊन लाठी, लेझीम, जोडी, मल्लखांब, हुतुतू, खोखो शिकायचे, आणि नुसतं करायला नव्हे तर शिकवायला शिकायचे. कोणता प्रकार आधी, कोणता नंतर. पोरगं कुठं पडेल, कुठं हात धरायचा. डाव सुटा करून त्याचे आकडे पाडायचे. पुढं या वर्गातूनच शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय उभं राहिलं. आज जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत 'दक्ष, विश्राम' ऐकू आलं तर त्या आवाजाचं मूळ शोधत तुम्ही अमरावतीला पोचण्याची शक्यता बरीच आहे.

मल्लखांबाचं उदाहरण घेतो, कारण तो मी मंडळाच्या मैदानावर तास-तास बघितला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर हे त्याचे आद्य गुरू मानतात. सागाचा किंवा शिसवाचा खांब, जमिनीवर साधारण साडेआठ फूट, वर निमुळता होत जाणारा. त्याला अंग आहे, मान आहे, आणि टोकाला बोंड आहे. वऱ्हाडी माणसाला बोंड म्हटलं की कपाशी आठवते. हेही तसंच, गोल, मुठीत मावेल न मावेल असं. खांबाला एरंडेल चोळतात. जास्त झालं तर माणूस घसरतो, कमी झालं तर मांडीची साल निघते. किती, हे पुस्तकात नाही. तळव्यानं पुसून पाहायचं. मी पुसून पाहिलं आणि मग हात सदऱ्याला पुसला. तो डाग अजून आहे.

त्या सकाळी खांबावर मुलं होती आणि बाजूला दोरीवर मुली. दोरीचा मल्लखांब खांबापेक्षा अवघड, कारण दोरी आपल्याला धरत नाही. आणि नियम असा की दोरीला कुठंही गाठ पडता कामा नये. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आली, वेणी कपाळापासून घट्ट बांधलेली. तिनं पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमट्यात दोरी पकडली आणि शिडी चढावी तशी वर गेली. वर जाऊन दोरीचा एक वेढा मांडीवर, एक कमरेवर, आणि दोन्ही हात सोडून पद्मासन. खाली उतरली तेव्हा तिच्या अंगठ्याजवळची कातडी पाहिली: गवंड्याच्या तळहातासारखी. शिकवणारी तिच्याहून फार मोठी नसावी. ती खालून म्हणत होती, "अढी बरोबर, वेल घाईत झाली. परत." अढी, तेढी, फिरकी, दसरंग, फरारा, सुईदोरा. या शब्दांना नुसती चव नाही, प्रत्येक शब्द म्हणजे हातापायांची एक नक्की जागा आहे. शब्द ठरला की चूक दाखवता येते. उस्तादाच्या काळात चूक दाखवायला पाठीवर छडी लागायची.

मुलींवरून आठवलं. सेंट अँड्र्यूजमध्ये बायकांचा चेंडू ढकलायचा क्लब 1867 पासून आहे. त्यांच्या उंचसखल हिरवळीला नाव काय, तर हिमालय! पण तिथल्या मुख्य क्लबानं, 1754 ची परंपरा सांगणाऱ्या रॉयल अँड एन्शन्टनं, बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव केला 2014 साली. स्कॉटलंडनं स्वतंत्र व्हावं की नाही यावर मतदान झालं, नेमक्या त्याच दिवशी. आपल्या मंडळाला त्या वर्षी शंभर वर्षं झाली होती.

आता बर्लिन. अमरावतीत मंडळाचा विषय काढा, पाचव्या मिनिटाला बर्लिन येतं. 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं मल्लखांब, लेझीम, कबड्डी असे देशी प्रकार दाखवले. ते प्रात्यक्षिक होतं, स्पर्धा नव्हे. 'कबड्डी ऑलिंपिकमध्ये खेळली गेली' असं जे सर्रास लिहितात ते तेवढ्यापुरतं दुरुस्त करून घ्यावं. त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या संघानं 15 ऑगस्टला जर्मनीला 8-1 नं हरवून हॉकीचं सुवर्ण घेतलं. हिटलरनं आपल्या पोरांची पाठ थोपटल्याचं इथं अजून अभिमानानं सांगतात. मला ते ऐकताना जरा अवघडायला होतं. कोण पाठ थोपटतो आहे हेही बघायला हवं. पण वऱ्हाडातून निघून, बोटीनं युरोप गाठून, स्वीडन-जर्मनीच्या कवायतीलाच व्यायाम समजणाऱ्या लोकांपुढं सागाचा खांब रोवायचा, यातला आत्मविश्वास नाकारता येत नाही.

कबड्डीचे नियम 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं छापले. 1938 साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय खेळांत ती आली, 1990 साली बीजिंगच्या एशियाडमध्ये पदकासाठी खेळली गेली. आज तीस सेकंदांची चढाई टीव्हीवर घड्याळ लावून दाखवतात. आमच्या लहानपणी घड्याळ म्हणजे दम. हुतुतू म्हणत गेलेल्या पोराचा आवाज फाटला की तो मेला. त्यात लबाडी कितीही करता यायची, म्हणून घड्याळ आलं हे बरंच झालं असं मी मानतो. माझे मित्र मानत नाहीत.

आजचं मंडळ मोठं आहे. आवारात अभियांत्रिकीसुद्धा शिकवतात. मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या पोरांचं मात्र खरं नाही. शिक्षकभरती वर्षानुवर्षं अडते, कित्येक शाळांत पीटीचा तास गणिताचे सर घेतात, म्हणजे गणितच घेतात. धनुर्विद्येचं मात्र अमरावतीत चांगलं चाललं आहे. साताऱ्याच्या दुष्काळी भागातला प्रवीण जाधव इथल्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. 1457 साली स्कॉटलंडच्या राजानं गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक चेंडूच्या नादात तिरंदाजी विसरले होते. राजा अमरावतीला आला असता तर खूश झाला असता.

अभ्यासक्रमात सगळंच मावलं, असं मात्र नाही. गुण देता येतात तेवढंच अभ्यासक्रमात उरतं. आखाड्याची माती ताक, तेल, हळद घालून महिनोन्‌महिने उलथीपालथी करायची, कपाशीची काळी माती चालत नाही म्हणून लाल माती लांबून आणायची, त्या मातीच्या वासानं सकाळी जाग यायची, याला किती गुण? मॅट आली, ती पुसली की स्वच्छ. पोरांच्या कानात माती जात नाही. तक्रार करण्यासारखं काही नाही, तरी मी केली.

सर वारले त्याला बरीच वर्षं झाली. मंडळावर लिहितो आहे म्हटल्यावर त्यांच्या मुलानं त्यांची तिथली वही काढून दिली. शंभर पानी, पुठ्ठा गेलेली, आत निळ्या शाईत उन्हाळी वर्गाची टिपणं. रेघांची माणसं खांबाला लटकलेली, प्रत्येकाच्या शेजारी आकडे. मनोऱ्याचं पान: एकला कोण, दोनला कोण, उतरताना उलटे आकडे. दंडांची कोष्टकं. सगळं शुद्ध, छापील मराठीत, फळ्यावरून उतरवल्यासारखं. फक्त 'मल्लखांब, पहिली उडी' या पानाच्या समासात नंतर कधीतरी पेन्सिलीनं, घाईच्या अक्षरात, वऱ्हाडीत एक ओळ आहे:

"पोट्टा भेला असन तं मोजू नोको. हात धर."

पेन्सिल पुसट झाली आहे. मुलगा म्हणाला, वही परत आणून द्या.